रुमशिश्केस: धरणात गेलेलं गाव आणि काठावर उभं राहिलेलं गाव

लिथुएनियातल्या काउनास शहराच्या पूर्वेला वीसेक किलोमीटरवर रुमशिश्केस आहे. जिल्हा काइशादोरिस, वस्ती पावणेदोन हजारांच्या आसपास. आज बाहेरच्या माणसाला हे गाव माहीत असतं ते तिथल्या प्रचंड खुल्या लोकजीवन संग्रहालयामुळे. देशभरातली जुनी लाकडी घरं उचलून आणून तिथे पुन्हा उभी केली आहेत. गंमत अशी की ज्या गावाच्या हद्दीत ही घरं आली, त्याचं स्वतःचं जुनं गावठाण पाण्याखाली आहे.

धरण, बुडीत क्षेत्र, पुनर्वसन हे शब्द आपल्याकडे वर्तमानपत्रातून रोज भेटतात, त्यामुळे हे प्रकरण मराठी वाचकाला परकं वाटणार नाही. इथे प्रश्न एवढाच ठेवला आहे: गाव हलवायची वेळ आली तेव्हा काय हलवायचं, हे कशावरून ठरलं? अधिकाऱ्यांची किंवा कुटुंबांची नावं घेतलेली नाहीत. गावाचं प्रकरण गावाच्याच पातळीवर मांडलं आहे.

पार्श्वभूमी

नेमुनास ही लिथुएनियाची मुख्य नदी. लांबी ९३७ किलोमीटर. उगम बेलारूसमध्ये, आणि शेवट बाल्टिकच्या काठावरच्या कुरोनियन खाजणात. काउनासच्या वरच्या अंगाला ती खोल दरीतून वळणं घेत येते. दोन्ही बाजूंना हिमयुगाच्या शेवटी तयार झालेल्या मातीच्या उंच पायऱ्या आहेत. जुनं रुमशिश्केस उजव्या, म्हणजे उत्तरेकडच्या काठावर, खालच्या पायरीवर वसलेलं होतं. तिथेच प्राविएना नावाची छोटी नदी नेमुनासला मिळायची. पात्रात मोठमोठे धोंडे होते आणि पाणी त्यांच्यावरून खळाळत जायचं. लाकडाचे तराफे खाली प्रशिया या जर्मन राज्याकडे नेणाऱ्यांना हा टप्पा जिवावरचा वाटे. लोकांनी त्याला ‘सैतानाचा पूल’ म्हणायला सुरुवात केली होती आणि सैतानाने हे धोंडे कसे आणून टाकले याच्या कथा रचल्या होत्या.

गावाचं नाव चौदाव्या शतकातल्या ट्यूटॉनिक सरदारांच्या (जर्मन धर्मयोद्ध्यांच्या संघाच्या) स्वाऱ्यांच्या वृत्तांतात येतं. पुढे ते चर्च, बाजारचौक आणि नदीउतार असलेलं एक साधं बाजारगाव झालं. पण नदीने या गावाला नुसतं पाणी आणि मासे दिले नाहीत, तिने त्याला सरहद्दही दिली. पोलंड-लिथुएनियाच्या १७९५ च्या तिसऱ्या फाळणीनंतर नेमुनासच्या पलीकडचा भाग प्रशियाकडे गेला आणि अलीकडचा रशियाकडे. १८०७ मध्ये पलीकडे नेपोलियनच्या आश्रयाने वॉर्साची डची, म्हणजे सरदारी संस्थान, झाली, १८१५ नंतर पोलंडचं राज्य. म्हणजे डाव्या काठावरचा शेतकरी १८०७ मध्ये, जमिनीविना का होईना, वेठबिगारीतून कायद्याने मोकळा झाला. उजव्या काठावरच्या रुमशिश्केसच्या शेतकऱ्याला त्यासाठी १८६१ पर्यंत थांबावं लागलं. अलीकडे रशियाचं जुनं, बारा दिवस मागे पडलेलं ज्युलियन पंचांग चालायचं आणि पलीकडे ग्रेगोरियन. काउनासमध्ये विनोद होता की आमचा पूल जगातला सर्वांत लांब, ओलांडायला बारा दिवस लागतात. रुमशिश्केसला पूल नव्हता, पण नाताळ मात्र पलीकडच्या काठावर आधी यायचा. २४ जून १८१२ ला नेपोलियनची फौज रशियात शिरली तीही याच नदीवरून, काउनासजवळ तरंगते पूल टाकून.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर व्हिल्नियस-काउनास रेल्वे आली, पण गावापासून बाजूला, उत्तरेकडून. बाजारगाव बाजारगावच राहिलं. लिथुएनियातल्या बहुतेक अशा गावांप्रमाणे इथेही दुकानदारी आणि कारागिरी मोठ्या प्रमाणात ज्यू कुटुंबांच्या हातात होती. १९४१ च्या उन्हाळ्यात जर्मन आले. ऑगस्टच्या अखेरीला नाझी तुकडीच्या स्वतःच्याच अहवालात रुमशिश्केस आणि शेजारचं झिएझमारियाई यांची मिळून एक ओळ आहे: २९ ऑगस्ट, ७८४ माणसं ठार. त्यातली बहुतेक बायका आणि मुलं. ही ओळ इथे मुद्दाम दिली आहे, कारण पुढे गाव हलवताना तिचा संबंध येतो.

अडचण

युद्धानंतर लिथुएनिया सोव्हिएत संघात होता. जमीन सरकारजमा झाली, १९४९ च्या मार्चमध्ये हजारो शेतकरी कुटुंबं सायबेरियाला पाठवली गेली आणि उरलेल्यांना सामूहिक शेतीत ओढलं गेलं. विजेची टंचाई होती. शिवाय मार्च १९४६ मध्ये बर्फाचे तुकडे अडकून नेमुनासला प्रचंड पूर आला होता आणि काउनासचा जुना भाग पाण्यात गेला होता. नेमुनासवर वीज काढावी ही कल्पना काही सोव्हिएत राजवटीची नव्हे. दोन महायुद्धांमधल्या स्वतंत्र लिथुएनियातल्या अभियंत्यांनीही ती कागदावर मांडली होती. सोव्हिएत काळात मात्र ती थेट बांधकामात उतरली.

१९५५ मध्ये काउनासच्या वरच्या अंगाला, सतराव्या शतकातल्या पाझाइस्लिस मठाजवळ धरणाचं काम सुरू झालं. १९५९ मध्ये पाणी अडवलं, त्याच वर्षी पहिला जनित्रसंच फिरला आणि १९६० मध्ये चारही संच चालू झाले. क्षमता १००.८ मेगावॉट. मागे ६३.५ चौरस किलोमीटरचा जलाशय तयार झाला. लोक त्याला ‘काउनासचा समुद्र’ म्हणतात. पाण्याखाली गेल्या तीस-चाळीस वस्त्या आणि सातशेच्या आसपास शेतघरं. या पट्ट्यातलं सर्वांत ठळक बाजारगाव म्हणजे रुमशिश्केस.

गावापुढचा पेच सरळ होता. खालच्या पायरीवरचं सगळं जाणार: बाजारचौक, नदीचा उतार, चर्चची जागा, कब्रस्तान. वरच्या पायरीवरचं शिवार राहणार. वेळ चार वर्षांचा. आणि धरण नको म्हणण्याची सोय नव्हती.

समोर कोणते पर्याय होते

पहिला निर्णय, म्हणजे धरण कुठे आणि किती उंच, गावाच्या हाताबाहेरचा होता. तरी तो समजून घ्यायला हवा. भिंत काउनासला खेटून ठेवली की शहराला वीज जवळ मिळते, कामगार मिळतात, आणि नेमुनासच्या बाजूने येणारा पूर अडतो. (नेरिस नदी मात्र धरणाच्या खाली, काउनासमध्येच नेमुनासला मिळते. तिच्या पुराला हे धरण काहीच करू शकत नाही.) भिंत बुटकी ठेवली असती तर गावं वाचली असती, पण नेमुनाससारख्या सपाटीवरच्या नदीत उतार कमी असतो. वीसेक मीटरचा पाणउतार मिळवायचा तर पाणी मागे मैलोन् मैल फुगणारच. सखल प्रदेशातल्या जलविद्युत प्रकल्पांचं हे जुनं दुखणं आहे: थोड्या विजेसाठी पुष्कळ जमीन जाते.

दुसरा निर्णय होता नव्या वस्तीच्या जागेचा. लोकांना काउनासमध्ये किंवा आसपासच्या सामूहिक शेतीच्या केंद्रांत पांगवायचं, की त्याच नावाचं गाव त्याच शिवारात वर उचलून बसवायचं? सरकारी सोयीच्या दृष्टीने पांगापांग स्वस्त पडली असती. छोट्या वस्त्यांच्या बाबतीत तेच झालं. त्यांची नावं फक्त नकाशांत उरली. रुमशिश्केसच्या बाबतीत गाव वरच्या अंगाला नव्याने आखायचं ठरलं.

तिसरा निर्णय सर्वांत गुंतागुंतीचा: काय बरोबर घ्यायचं. आणि इथे बांधकामाची पद्धतच निर्णायक ठरली असं मला वाटतं. लिथुएनियातलं जुनं खेड्यातलं घर म्हणजे आडव्या ओंडक्यांची रास. कोपऱ्यांवर खाचा पाडून ओंडके एकमेकांत अडकवलेले, फटींत शेवाळ ठासलेलं. छप्पर काढलं, प्रत्येक ओंडक्यावर भिंतीची खूण आणि क्रमांक टाकला, वरून खाली एकेक उतरवला की घर गाडीवर चढतं. नव्या जागी दगडांचा पाया घालायचा, सर्वांत खालचे कुजलेले एक-दोन थर बदलायचे, बाकीचे क्रमाने रचायचे, फटींत ताजं शेवाळ भरायचं. खिळे जवळजवळ लागतच नाहीत. चूल मात्र हलत नाही. ती मातीची आणि विटांची, पाडूनच नवी बांधावी लागते. अशा घराचा मालक ‘घर सोडलं’ असं म्हणत नाही, ‘घर नेलं’ म्हणतो. आपल्याकडच्या दगडमातीच्या वाड्याला ही सोय कधीच नव्हती. धरणग्रस्ताने फार तर दारं, तुळया आणि वासे काढून नेले.

नुकसानभरपाईत जमीन नव्हतीच, कारण जमीन आधीच सरकारची होती. हिशोब होता तो बांधकामाचा आणि झाडांचा. त्यामुळे नदीकाठच्या गाळाच्या कसदार पट्टीची किंमत कुणाच्याच खात्यावर आली नाही.

प्रत्यक्षात काय केलं गेलं

लाकडी चर्च हलवलं गेलं. सेंट मायकेलच्या नावाचं हे चर्च आणि त्याचा वेगळा उभा घंटाघर-मनोरा उतरवून वरच्या जागी पुन्हा बांधला. आज हे वाचताना त्यात विशेष वाटणार नाही, पण काळ बघा. सोव्हिएत नेता ख्रुश्चेव्हच्या धर्मविरोधी मोहिमेची सुरुवात होत होती. क्लाइपेडा शहरात याच सुमारास लोकांच्या वर्गणीतून एक नवं कॅथलिक चर्च परवानगीने बांधून झालं, आणि १९६० मध्ये, उघडण्याच्या तोंडावर, ते काढून घेतलं गेलं. मनोरा पाडला आणि आत संगीतसभागृह केलं. तिथे नवं चर्च बुडालं आणि इथे जुनं चर्च तरलं. माझ्या मते याचं एक कारण हे की रुमशिश्केसचं चर्च ‘नवीन बांधकाम’ नव्हतं, स्थलांतर होतं. फाइलवर ते इतर इमारतींच्या यादीत बसलं असावं. प्रशासनाशी भांडायचं असेल तर कोणत्या रकान्यात आपलं नाव येतं, हे बघणं किती महत्त्वाचं असतं याचा हा नमुना.

शेतघरांपैकी चांगली होती ती लोकांनी नेली. नवं गाव सरळ रस्त्यांचं, आखीव. पुढे त्यात विटांची घरं आणि सरकारी इमारती भरत गेल्या. बुडणाऱ्या पट्ट्यात पुरातत्त्वज्ञांनी घाईघाईने खोदकामं केली. नेमुनासचा हा काठ मध्य अश्मयुगापासून वस्तीचा, त्यामुळे हाती पुष्कळ लागलं. पण पाण्याची तारीख ठरलेली असताना जेवढं खोदून होतं तेवढंच.

बाजारचौकाचं काय झालं? तो कुणी नेला नाही. चौक म्हणजे चार बाजूंची दुकानं, घोडागाड्या थांबायची जागा, नदीकडे उतरणारी वाट. यातलं काहीच क्रमांक घालून उतरवता येत नाही. आणि त्या चौकाभोवतीच्या ज्यू घरांची बाजू मांडायला, ‘हे आमचं, हेही न्या’ म्हणायला कुणी उरलंच नव्हतं. अठरा वर्षांपूर्वी ती माणसं मारली गेली होती. बुडीत गावाच्या चर्चेत ‘गावकरी’ असा एकच शब्द वापरला की हा फरक दिसेनासा होतो.

सैतानाचा पूल गेला, तराफे आधीच कमी झाले होते ते बंद झाले. धरणात माशांना वर जायची वाट ठेवली नाही. समुद्रातून नदीत चढणारा सॅमन आणि इथला प्रसिद्ध झिओब्रिस मासा यांना नेमुनासचा वरचा भाग कायमचा बंद झाला. सॅमन आजही देशात अंडी घालतो तो नेरिसच्या वाटेने, कारण ती धरणाच्या खाली मिळते.

आणखी एक फरक नोंदवण्यासारखा. उजनीत उन्हाळ्यात पाणी उतरलं की पळसदेवच्या देवळाचे कळस वर येतात आणि जुन्या गावची माणसं बघायला जातात. काउनासचा जलाशय साठवणीचा नाही, पातळी जवळपास स्थिर ठेवून चालवायचा आहे. त्यामुळे जुनं रुमशिश्केस असं वर्षाच्या वर्षाला दर्शन देत नाही.

पुढचं वळण: संग्रहालय

इथवर हे प्रकरण जगभरच्या शेकडो बुडीत गावांसारखं आहे. वेगळेपण सुरू होतं १९६६ मध्ये. त्या वर्षी रुमशिश्केसला लिथुएनियाचं लोकजीवन संग्रहालय स्थापन झालं. स्टॉकहोमच्या स्कान्सेनने १८९१ पासून घालून दिलेला हा नमुना आहे: इमारती आणून खऱ्या आकारात उभ्या करायच्या. १९७४ मध्ये ते लोकांसाठी उघडलं. आवार सुमारे १९५ हेक्टर, म्हणजे युरोपातल्या सर्वांत मोठ्या अशा संग्रहालयांपैकी एक. झेमाइतिया, आउक्श्ताइतिया, द्झुकिया, सुवाल्किया असे प्रांतवार विभाग, प्रत्येकात त्या भागातली अंगणं, कोठारं, विहिरी, गोठे. मधे एक छोटं बाजारगाव, चौकासकट.

जागा इथलीच का? काउनास आणि व्हिल्नियस या दोन्ही मोठ्या शहरांतून पोहोचण्यासारखी. १९७० मध्ये दोघांना जोडणारा महामार्ग गावाच्या उत्तरेने गेला, तेव्हा तर ती हमरस्त्यावरच आली. जलाशयामुळे नवा काठ, प्राविएनाच्या मुखाशी खाडीसारखा आत आलेला फाटा, टेकड्या, झाडी: प्रत्येक प्रांताला शोभेल असा तुकडा एकाच आवारात सापडला. धरणाने गावाची नदी घेतली आणि बदल्यात एक देखावा दिला, त्या देखाव्यावर संग्रहालय उभं राहिलं.

आणि घरं कुठून आली? तेही त्याच राजवटीच्या दुसऱ्या निर्णयातून. साठ-सत्तरच्या दशकांत शेतजमिनींचा निचरा करून मोठे सलग तुकडे पाडायची मोहीम जोरात होती. शिवारात एकटी असलेली शेतघरं मोडून लोकांना वसाहतींत आणलं जात होतं. अभ्यासकांना घरं पाडली जाण्याआधी गाठावी लागत. म्हणजे सरकारचा एक हात खेडं मोडत होता आणि दुसरा हात त्याचे नमुने जपत होता. संग्रहालयातल्या लोकांनी ही फट चतुराईने वापरली असं मला वाटतं. ‘लोकसंस्कृती’ हा शब्द सरकारलाही चालायचा, त्या आडून बरंच राखता आलं.

निष्पत्ती

आज रुमशिश्केस म्हटलं की लिथुएनियन माणसाला उझगाव्हेनेस आठवतो: उपासाच्या काळाआधीचा हिवाळ्याला हुसकावण्याचा सण. मुखवटे घातलेली माणसं फिरतात, लठ्ठ लाशिनिनिस आणि काटक कानापिनिस यांची झटापट होते, शेवटी मोरे नावाची मोठी बाहुली जाळतात. देशातला सर्वांत गर्दीचा सोहळा या संग्रहालयात होतो. एकेकाळी आठवडी बाजाराला येणाऱ्यांपेक्षा किती तरी जास्त लोक आता येतात. स्वातंत्र्यानंतर आवारात सायबेरियाला गेलेल्यांची आठवणही आली: ध्रुवीय लाप्तेव्ह समुद्राकाठी हद्दपार केलेल्यांनी बांधल्या तशी माती-लाकडाची झोपडी, शेजारी मालगाडीचा डबा.

विजेचा हिशोब मात्र मांडायलाच हवा. १०० मेगावॉटसाठी हे सारं केलं. १९६० मध्येच इलेक्त्रेनाईला औष्णिक केंद्राचं काम सुरू झालं आणि १९७२ पर्यंत ते १,८०० मेगावॉटचं झालं. म्हणजे ज्या टंचाईच्या नावावर गाव बुडालं, तिचं उत्तर बारा वर्षांत दुसरीकडून आलं. पण पुढचा डाव जलाशयाच्या बाजूने पडला. रुमशिश्केसच्या समोरच्या अंगाला, डाव्या काठावर, १९९२ मध्ये क्रुओनिसचं उदंचन केंद्र सुरू झालं. वीज जास्त असताना जलाशयातलं पाणी वरच्या तळ्यात चढवायचं, गरजेच्या वेळी सोडायचं. क्षमता ९०० मेगावॉट. काउनासचा जलाशय नसता तर ते शक्यच नव्हतं. फेब्रुवारी २०२५ मध्ये बाल्टिक देशांनी रशियाच्या वीजजाळ्यापासून फारकत घेतली तेव्हा काउनास आणि क्रुओनिस या दोन केंद्रांचं मोल आणखी वाढलं. १९५५ च्या नियोजकांच्या डोक्यात यातलं काही नव्हतं, त्यामुळे याचं श्रेय त्यांना द्यायला मी तयार नाही.

वेगळं काय करता आलं असतं

धरण टळलं नसतं, हे धरून बोलू. तरीही तीन ठिकाणी हात घालायला वाव होता.

एक, माशांची वाट. ती बांधताना करणं स्वस्त असतं, नंतर जोडणं महाग आणि अर्धवट. वीस मीटर उंचीवर माशांची शिडी चालवणं सोपं नव्हतं हे खरं, पण नेमुनासच्या वरच्या अंगाचा विचारच सोडून देणं हा निर्णय होता आणि त्याची किंमत कोणत्याही तक्त्यात आली नाही.

दोन, न हलणाऱ्या गोष्टींची नोंद. ज्याचे ओंडके उतरवता आले ते वाचलं. चौक, उतार, धोंड्यांचा टप्पा, कोणत्या घरात कोण राहत होतं ही माहिती वाचवायला गाडी नको होती, मोजणीदार, छायाचित्रकार आणि म्हाताऱ्या माणसांजवळ बसणारा एखादा लिहिणारा पुरे होता. पुरातत्त्वज्ञांनी अश्मयुगासाठी जेवढी घाई केली, तेवढी १९४१ पूर्वीच्या गावासाठी कुणी केली असती तर संग्रहालयातल्या बाजारगावाला इथलाच नकाशा वापरता आला असता. तिथे आज दुसऱ्या गावांच्या इमारती आहेत.

तीन, नवा काठ. जलाशयाची किनार म्हणजे हिमयुगातल्या भुसभुशीत मातीचे उतार. लाटांनी ते कापले जाणार हे पहिल्या दिवसापासून दिसत होतं. क्रुओनिस सुरू झाल्यापासून पाण्याची थोडी थोडी चढउतार रोजची झाली आहे. १९९२ मध्ये या परिसराला प्रादेशिक उद्यानाचा दर्जा मिळाला, म्हणजे जलाशय भरल्यावर तेहेतीस वर्षांनी. काठापासून किती अंतरावर बांधायचं नाही, कोणता उतार झाडांनी धरायचा, ही रेघ १९५९ मध्येच आखायला हवी होती. तेव्हा काठावर कुणाची बंगली नव्हती, संग्रहालय नव्हतं आणि हरकत घ्यायलाही कुणी नव्हतं.